अमेरिकी लष्करातला ‘जनरल’ डिस्चार्ज ‘ऑनरेबल’ करून घेतला: माझा अनुभव

अडचण अशी: डीडी-२१४ वर, म्हणजे लष्कर सोडताना मिळणाऱ्या सेवा-दाखल्यावर, डिस्चार्जचा (सेवामुक्तीचा) शेरा ‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’ असा, म्हणजे ‘ऑनरेबल’ (सन्माननीय) या शेऱ्याच्या एक पायरी खालचा. त्यामुळे व्हीएचे (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचे) उपचार मिळत होते, पण पोस्ट-९/११ जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या योजनेतून शिक्षणाचा खर्च मिळेना. त्याला ‘ऑनरेबल’च लागतो.

आधी डीडी फॉर्म २९३ ला (डिस्चार्जचा शेरा बदलून मागण्याच्या अर्जाला) फक्त माझं दोन पानी पत्र जोडून पाठवलं. नकार आला. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातून अर्ज कुठवर आला एवढंच कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग जे केलं ते याच क्रमाने करा. आधी एसएफ-१८० हा नोंदी मागवण्याचा फॉर्म भरून सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागारातून संपूर्ण सेवा-फाइल मागवा; वैद्यकीय नोंदीही मिळवा. त्या हाती आल्यावरच डॉक्टरांकडे जा. नुसतं ‘पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास) आहे’ असं पत्र पुरत नाही. त्रास सेवेतच सुरू झाला आणि ज्या वर्तनासाठी काढलं ते त्यातूनच घडलं, हे तारखांसह लिहून घ्या. सोबतच्या दोन जवानांची निवेदनं जोडा.

नंतर २०१७ च्या कुर्टा मेमोतले (असे अर्ज कसे तपासावेत याच्या संरक्षण खात्याच्या सूचनांतले) चार प्रश्न मथळे म्हणून घ्या: त्रास होता का, सेवेत असताना होता का, त्याने वर्तनाचा उलगडा होतो का, तो डिस्चार्जच्या कारणापेक्षा वजनदार ठरतो का. प्रत्येक उत्तरापुढे पुराव्याचा पान क्रमांक द्या. माझ्या मते निकाल फिरला तो यामुळेच.

शेवटी प्रत्यक्ष सुनावणी मागा. कागदोपत्री नकार आला तरी हा हक्क राहतो, मात्र डिस्चार्जपासून १५ वर्षांच्या आत. मुदत उलटली असेल तर डीडी फॉर्म १४९, म्हणजे लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडचा अर्ज.

नवा डीडी-२१४ आला. शेरा: ऑनरेबल.