रस्त्याची तक्रार करताय? या चुका टाळा

नागपुरात माझ्याकडे तक्रारीचा अर्ज लिहून मागायला लोक येतात. खड्ड्याचं वर्णन अर्धं पान असतं. रस्ता कुणाचा, याचा पत्ता नसतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे 'आपला रस्ता राष्ट्रीय झाला' या बातमीवर विसंबणं. शेजारच्या काकांच्या गावाला पुलाचा कठडा तुटला होता. म्हटलं, काका, थांबा, राजपत्र बघू. काका कसले थांबतात! अर्ज थेट राष्ट्रीय महामार्गाच्या कार्यालयात. दीड महिन्यानं उत्तर आलं, 'सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही.' घोषणा नुसती 'तत्त्वतः' होती. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली केंद्राची अधिसूचना निघेपर्यंत तो राज्य मार्गच, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचा. मग दुसरा अर्ज, त्यात 'गावाजवळचा पूल'. गावाजवळ पूल तीन! तोही परत. तिसऱ्यात साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, टाकला, तेव्हा काम हललं. पहिला अर्ज आषाढात गेला होता, कठडा बसला संक्रांतीला.

म्हणून मी आधी जागेवर जातो. अलीकडच्या-पलीकडच्या किलोमीटर दगडांचे फोटो काढतो, मग बांधकाम विभागाच्या उपविभागात शाखा अभियंत्याकडची रस्त्यांची यादी बघतो. मोबाईलच्या नकाशावरचा नंबर सगळ्यात शेवटी. पोरांना उलटं सुचतं, कारण त्यात उन्हात जावं लागत नाही.

दर्जा कळल्याशिवाय लिहू नका. प्रमुख राज्य मार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग हे साधारणपणे बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. राज्याचे महामार्ग 1955 च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्यानं राज्य सरकार राजपत्रातून जाहीर करतं. आमदारांच्या भाषणानं दर्जा बदलत नाही, बाप्पा.

जुने नंबर सोडा. वर्धा रोडला अजून 'सात नंबर' म्हणतात. 2010 च्या फेरक्रमांकनानंतर तो 44 आहे. अमरावती आणि भंडारा रोडचा 6 गेला, 53 आला.

दगडाचा माथा पिवळा तर राष्ट्रीय, हिरवा तर राज्य. पण दर्जा बदलला तरी रंग जुनाच राहतो, त्यामुळे एवढ्यावर जाऊ नका.

समृद्धी राष्ट्रीय महामार्ग नाही. 701 किलोमीटरचा तो द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा.

आणि एकच अर्ज पाच कार्यालयांत टाकू नका. प्रत्येक जण 'पुढील कार्यवाहीस्तव' लिहून दुसऱ्याकडे सरकवतो, अन् आपली फाईल बंद करतो.