बहामात स्वतः बोट चालवणार? रूट आखताना या चुका टाळा

मुंबई हार्बरला किंवा गोव्यात शिडाची बोट शिकलेली आणि आता अमेरिकेत स्थायिक झालेली मंडळी कधी ना कधी बहामाचा प्लॅन करतातच. चार जण मिळून एक कॅटामरान (जोडतळांची बोट) भाड्याने घ्यायची, राजधानी नासाऊवरून निघायचं, एक्झुमाची बेटं बघत बघत खाली उतरायचं आणि आठवड्याने परत. प्लॅन भारीच आहे, वाद नाही. पण आपल्याकडे अंगात मुरलेल्या अर्ध्या सवयी तिथे चालत नाहीत आणि काही तर चक्क उलट्या पडतात. आपल्याकडे पाणी गढूळ, तळ दिसण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे पाण्याकडे बघून खोली ओळखायची असते हेच कोणी शिकवत नाही. भरती मात्र दांडगी, मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. बहामात पाणी नितळ आणि भरती-ओहोटीतला फरक जेमतेम 3 फूट.

शिवाय ती बँक. ग्रेट बहामा बँक म्हणजे समुद्रात बुडालेलं चुनखडीचं प्रचंड पठार, त्यावर मैलोनमैल नुसतं 2 ते 5 मीटर पाणी, आणि कड संपली की एकदम शेकडो मीटर खोल. एक्झुमाची बेटं नेमकी या कडेवर रांगेत बसली आहेत, पश्चिमेला उथळ बँक, पूर्वेला एक्झुमा साउंड हा खोल समुद्र. हे चित्र डोक्यात पक्कं बसवा कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

रेघ आखली पण घड्याळ नाही बघितलं

सगळ्यात कॉमन चूक हीच. लोक प्लॉटरवर (बोटीवरचा इलेक्ट्रॉनिक नकाशा) बिंदू टाकतात, रेघ कुठे उथळ भागावरून जात नाही ना ते बघतात, आणि झाला रूट. अहो पण त्या रेघेवर तुम्ही किती वाजता असणार? बँकवर तीच रेघ दुपारी बाराला सेफ असते आणि संध्याकाळी पाचला नसते.

नासाऊ ते ॲलन्स के किंवा हायबोर्न के घ्या (के म्हणजे छोटं बेट), साधारण 35 सागरी मैल, पहिल्या दिवशी बहुतेक सगळे हेच करतात. मध्ये यलो बँक लागते, तिथे वाळूच्या तळावर प्रवाळाचे सुटे सुटे खडक उभे आहेत, आजूबाजूला 4-5 मीटर पाणी आणि मध्येच एखादा खडक पृष्ठभागाच्या अगदी जवळ. सगळे चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, नाहीत. ते डोळ्यांनीच बघून चुकवायचे असतात. आता आपला माणूस काय करतो, लांबचा पल्ला आहे म्हणून पहाटे सहाला नांगर उचलतो. ताशी 6 मैलांनी अडीच-तीन तासांत यलो बँकवर पोचतो म्हणजे नऊच्या आसपास, दिशा आग्नेय, आणि हिवाळ्यात सूर्यही तिकडेच, खाली, बरोबर डोळ्यांवर. पाणी सगळं चांदीच्या पत्र्यासारखं चमकतं आणि खाली काय आहे ते काही म्हणजे काही दिसत नाही. लवकर उठल्याचा तोटा होणारी ही दुर्मिळ जागा.

त्यापेक्षा साडेआठ-नऊला आरामात चहा घेऊन निघा, साडेअकरा-बाराला सूर्य डोक्यावर असताना बँकवर या, तीनपर्यंत पोचाल, डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो म्हणजे नांगर टाकायला भरपूर उजेड. परतीच्या दिशेला वायव्येकडे जाताना उलटं, दुपारी उशिरा सूर्य समोर येतो, तेव्हा परतीला मात्र लवकर निघा. थोडक्यात सूर्य वर किंवा पाठीमागे, आणि वेळ साधारण दहा ते तीन. चार्टवर जिथे खडकांच्या खुणा दाट आहेत तो भाग वळसा घालून टाळा, अर्धा-पाऊण तास जास्त गेला तर गेला.

म्हणून माझं मत असं की रूट आखायची सुरुवात नकाशावरून करूच नका. सर्वांत अवघड जागा कुठली ते ठरवा, तिथे किती वाजता असायला हवं ते ठरवा (सूर्य, पाणी, वारा तिन्ही बघून) आणि तिथून उलटं मोजत निघायची वेळ काढा.

पाण्याचा रंग वाचता न येणं

गडद निळं म्हणजे खोल. फिकट निळसर-हिरवं म्हणजे वाळूचा तळ आणि बँकवरचं नॉर्मल पाणी. रंग जितका पांढुरका तितकं पाणी कमी, अगदी पांढरं दिसलं तर तिथे जाऊच नका. आणि तपकिरी, पिवळट-तपकिरी म्हणजे प्रवाळ, लगेच वळा. एवढं सगळ्यांना पाठ असतं, गोंधळ होतो तो पुढे.

ढगाची सावली हुबेहूब खडकासारखी दिसते. अर्धा मिनिट बघा, सरकली तर सावली. समुद्री गवताचे पट्टेही काळपट दिसतात, त्यांच्या कडा सहसा मऊ, पसरट असतात आणि प्रवाळाची कड तुटक असते, पण नवीन माणसाने हा फरक ओळखायच्या भानगडीत पडू नये, काळं दिसलं की खडकच समजून बाजूने जावं. तिसरी गंमत म्हणजे फिश मड, भर बँकवर एकदम दुधाळ पांढरा मोठा डाग दिसतो आणि वाटतं वाळूचा बांध वर आला. माशांच्या झुंडी तळ ढवळतात म्हणून असं होतं असं तिथले लोक म्हणतात, शास्त्रज्ञांचं त्यावर एकमत नाही, पण खोली बहुधा आजूबाजूला असते तेवढीच असते. तरी पहिल्यांदा बघाल तेव्हा स्पीड कमी कराच.

पोलराइज्ड गॉगल सगळ्यांकडे हवा, फक्त सुकाणूवाल्याकडे नाही. आणि एक माणूस पुढे नाळेवर उभा, शक्यतो उंचावर, हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या कारण वाऱ्यात ओरडलेलं मागे काहीच ऐकू येत नाही आणि मग "डावीकडे" म्हणजे खडक डावीकडे आहे की बोट डावीकडे वळव यावर नवरा-बायकोची जुंपते.

झूम न करता प्लॉटरवर विश्वास

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं वाटत असेल तर ऐका. 29 नोव्हेंबर 2014, व्होल्वो ओशन रेस चालू होती, जगातले टॉपचे खलाशी, आणि टीम वेस्टास विंडची बोट हिंदी महासागरात रात्री कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळावर जाऊन आदळली. मॉरिशसमधल्या आपल्या मराठी मंडळींना ही जागा सेंट ब्रँडन म्हणून माहीत असेल. नऊच्या नऊ जण वाचले हे नशीब. इलेक्ट्रॉनिक चार्ट ज्या झूमवर बघून रूट आखला होता त्यावर एवढी मोठी प्रवाळरांग नीट दिसतच नव्हती, झूम वाढवला असता तर दिसली असती.

आणि झूम करूनही चार्टच चुकीचा असू शकतो. 17 जानेवारी 2013 ला अमेरिकन नौदलाचं गार्डियन हे जहाज फिलिपिन्समध्ये तुब्बाताहा प्रवाळावर चढलं, डिजिटल चार्टवर ते प्रवाळ खऱ्या जागेपासून सुमारे 8 सागरी मैल सरकलेलं होतं. जहाज शेवटी तिथेच कापून तुकड्या-तुकड्यांनी न्यावं लागलं.

म्हणून रूट आखून झाला की पूर्ण रेघ जास्तीत जास्त झूमवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत बघा. कंटाळवाणं काम आहे, रात्री जेवण झाल्यावर करा. ॲपचं ऑटो-रूट फीचर असेल तर ते कच्चा मसुदा म्हणून वापरा, बस्स. त्याला तुमच्या बोटीचा ड्राफ्ट (बोट पाण्याखाली किती खोल जाते ते) सांगितलेला असतो, सूर्य कुठे आहे ते नाही. वाळूचे बांध वादळानंतर सरकतात, 2019 च्या डोरियनसारखं चक्रीवादळ येऊन गेलं की त्या भागातला जुना चार्ट डोळे झाकून वापरण्यात अर्थ नसतो. बहामासाठी एक्स्प्लोरर चार्ट्स चांगले मानले जातात, छापील सेट बोटीवर असू द्या.

फूट की मीटर, आणि कुठून मोजलंय

छोटी गोष्ट पण बोट घेताना पहिल्या दहा मिनिटांत विचारा. अमेरिकन चार्टवर खोली बहुधा फुटात, ब्रिटिश चार्टवर मीटरमध्ये, आणि खोलीचं मीटर भाड्याच्या बोटीवर आधीच्या माणसाने काय सेट करून ठेवलंय देव जाणे. 6 फूट आणि 6 मीटर यात तुमची सगळी ट्रिप आहे. शिवाय ते मीटर पृष्ठभागापासून मोजतंय, सेन्सरपासून की कीलच्या (बोटीच्या तळाखालचा कणा) खालून? 40 फुटी कॅटामरानचा ड्राफ्ट 4 फुटांच्या आसपास, एका कीलवाल्या शिडाच्या बोटीचा 6-साडेसहा फूट, म्हणजे आकडा चुकीचा समजला तर गणितच चुकलं. आणि हे मीटर फक्त बोटीखालचं सांगतं, पुढचं नाही. प्रवाळाचा खडक सरळ उभा असतो, मीटर 4 मीटर दाखवत असतानाच धडक बसते.

"3 फूटच तर भरती, तिचं काय एवढं"

मुंबईकरांचं हे हमखास. अहो पाणीच जिथे 6 फूट आहे तिथे 3 फूट म्हणजे केवढा फरक! उथळ जागा नेहमी चढत्या पाण्यात पार करा, रुतलात तरी तासाभरात पाणी उचलेल. ऐन भरतीला जाऊन रुतलात तर पुढचे बारा तास तिथेच, आणि भरत्या उतरणीला लागलेल्या असतील, म्हणजे उधाणाकडून भांगाकडे, तर पुढची भरती तेवढी चढणारही नाही. नासाऊचं टेबल बँकच्या आतल्या बाजूला जसंच्या तसं लावू नका, आत पाणी तास-दोन तास, कुठे जास्तही उशिरा येतं.

पण खरा खेळ बेटांमधल्या फटींत, त्यांना कट म्हणतात. बँकवरचं सगळं पाणी दिवसातून दोनदा या चिंचोळ्या फटींतून साउंडमध्ये जातं आणि परत येतं, करंट 2-3 नॉट (ताशी सागरी मैल) तर सहज, कुठे अजून जास्त. वारा तिथे बहुतेक पूर्वेचा. आता ओहोटीचं पाणी पूर्वेकडे बाहेर पडतंय आणि समोरून वारा आणि लाटा आत येतायत, दोघांची टक्कर झाली की कटच्या तोंडाशी उभ्या, फुटणाऱ्या लाटा तयार होतात, याला तिथे रेज म्हणतात. आत बँकवरून बघताना काही कळत नाही, सगळं शांत दिसतं, तोंडाशी गेलं की कळतं आणि तेव्हा वळायला जागा नसते. गॅलियट कट, डॉथम कट यांना वारा जोरात असताना ओहोटीत हात लावू नका, पाणी थांबतं त्या वेळेला किंवा भरतीच्या सुरुवातीला जा. फार्मर्स केच्या दक्षिणेला बँक इतकी उथळ होत जाते की कीलवाल्या बोटींना जॉर्जटाउनला जायला बाहेर साउंडमध्ये यावंच लागतं, म्हणजे कटची वेळ आणि बाहेरचं हवामान दोन्ही जुळावं लागतं, त्यासाठी प्लॅनमध्ये एक-दोन दिवस रिकामे ठेवा. ज्यांचं परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी असतं तेच नको त्या कटमधून नको त्या वेळी निघतात.

मुक्काम फक्त पूर्वेच्या वाऱ्याचा विचार करून ठरवणं

बेटांच्या पश्चिमेला नांगर टाकला की पूर्वेचा वारा अडतो, झोप मस्त लागते. डिसेंबर ते मार्च मात्र अमेरिकेतून थंडीच्या लाटा खाली येतात, वारा आग्नेयेकडून दक्षिण, मग नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर असा घड्याळासारखा फिरतो आणि जोरही धरतो. पश्चिमेकडून वारा आला की तुमच्यापुढे मैलोनमैल मोकळी बँक आणि पाठीमागे बेटाचा खडक. पोहणारी डुकरं बघायला सगळे जिथे थांबतात तो बिग मेजर पश्चिमेला सताड उघडा आहे. फोरकास्टमध्ये वारा दक्षिणेकडे सरकायला लागला की पश्चिमेकडून आडोसा असलेली जागा आदल्या दिवशीच गाठा कारण अशा जागा थोड्या आणि सगळ्यांनाच हव्या असतात. फ्लोरिडातून स्वतःची बोट घेऊन येणाऱ्यांनी तर उत्तरेचा वारा असताना गल्फ स्ट्रीम ओलांडूच नये, प्रवाह उत्तरेला आणि वारा त्याच्यावर, लाटा भयंकर होतात.

बोयांबद्दल एकच. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवतो, बहामात अमेरिकेसारखी उलटी पद्धत, लाल उजवीकडे. तसेही नासाऊ सोडल्यावर बोया फारसे नाहीत आणि दिवे बंद असू शकतात, त्यामुळे बँकवर रात्री बोट चालवणं हा विषयच नको.

आणि रुतलातच तर

इंजिनला लगेच रिव्हर्सला पूर्ण जोर देऊ नका, पंपात वाळू ओढली जाऊन इंजिन तापतं. शिडं उतरवा, आत कुठे पाणी येतंय का ते बघा, वेळ बघा आणि पाणी चढतंय की उतरतंय ते ठरवा. वाळू असेल आणि पाणी चढत असेल तर डिंगीतून (सोबतची छोटी होडी) दुसरा नांगर खोल बाजूला लांब नेऊन टाका, दोर विंचवर (दोर ओढायचं चाक) ताणून ठेवा आणि थांबा, बोट आपोआप निघते. एका कीलची बोट असेल तर सगळ्यांनी एका बाजूला बसून किंवा बूम (शिडाखालचा आडवा दांडा) बाहेर काढून तिला कलंडवलं तर ड्राफ्ट थोडा कमी होतो. कॅटामरानला हा उपाय नाही. प्रवाळावर असाल तर ओढाओढ अजिबात नको, बोटीचा तळ आणि प्रवाळ दोन्ही जातात, नांगर टाकून बोट आणखी वर चढणार नाही एवढं बघा, व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 16 वर आजूबाजूच्या बोटींना कळवा, बोटमालकाला फोन करा. तिथे बहामास एअर सी रेस्क्यू असोसिएशन ही स्वयंसेवकांची संस्था आहे, जिवावर बेतलं असेल तर त्यांच्यापर्यंत निरोप पोचेल असं बघा. बोट सुटली की लगेच सुसाट निघू नका, जवळच्या वाळूच्या जागी नांगर टाकून मास्क लावून एक जण खाली उतरा आणि सुकाण्याचं पातं, प्रोपेलर, कीलचा जोड नीट बघून घ्या, फोटोही काढा, डिपॉझिटच्या वेळी लागतात.