फिडोनेटचे मेसेज तीन उपकरणांवर कसे वाचावेत

टॉम जेनिंग्ज यांनी 1984 साली सान फ्रान्सिस्कोत फिडोनेट सुरू केलं. एका हौशी माणसाच्या संगणकावरचं बीबीएस (बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोनवरून जोडून मेसेज लिहा-वाचायची जागा) रात्री दुसऱ्याला फोन लावायचं आणि दिवसभरात साचलेले मेसेज देऊन-घेऊन मोकळं व्हायचं. नव्वदच्या दशकात मुंबईचं लाइव्ह वायर बीबीएसही या जाळ्यात होतं. आज फोनलाइनच्या जागी इंटरनेट आलंय. फिडोनेट चालू आहे, सोबत डव्हनेट आणि एफएसएक्सनेट ही तशीच जाळी आहेत, आणि तिथल्या गप्पा मला अजूनही मनापासून आवडतात. फक्त तेव्हा घरात एकच संगणक असे, आता डेस्कटॉप, लॅपटॉप आणि मोबाइल असे तीन असतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कुठपर्यंतचे मेसेज तुम्हाला दिले, याची नोंद बोर्डाकडे, म्हणजे बीबीएसकडे, असते. प्रत्येक विषयाला एक पॉइंटर (खूण) असतो आणि पॅकेट, म्हणजे नव्या मेसेजांचा गठ्ठा, उतरवलं की तो पुढे सरकतो. मी एकदा घरी पॅकेट उतरवून प्रवासाला निघालो आणि गाडीत लॅपटॉपवरून पुन्हा मागितलं. नवीन मेसेज शून्य! बोर्डाचं काहीच चुकलं नव्हतं. माझे मेसेज घरच्या टेबलावर पडून होते. तेव्हापासून माझा नियम: पॅकेट उतरवायचं एकाच यंत्राने, वाचायचं कुठेही.

1. एक यंत्र ठरवा. जे रोज चालू असतं ते घ्या. त्यावर सिंकटर्म (बोर्डाला जोडणारा प्रोग्राम) टाका आणि बोर्डावर खातं उघडा. डव्हनेटसाठी कॅलिफोर्नियातलं व्हर्ट्राउएन हे मूळ बोर्ड चांगलं. फिडोनेटवर बऱ्याच चर्चांमध्ये खरं नाव लागतं, टोपणनाव चालत नाही. टेलनेट या जुन्या जोडणीवर पासवर्ड उघडा जातो, म्हणून बोर्डावर एसएसएच (सुरक्षित जोडणी) असेल तर तेच वापरा आणि बँकेचा किंवा मेलचा पासवर्ड इथे मुळीच देऊ नका.

2. विषय निवडा. सुरुवातीला पाच-सहा पुरेत. एकच चर्चा दोन बोर्डांवरून घेऊ नका, नाहीतर प्रत्येक मेसेज दोनदा वाचावा लागेल.

3. क्यूडब्ल्यूके (ऑफलाइन वाचायच्या मेसेजांचा साचा) पॅकेट उतरवा. सिंक्रोनेट या बीबीएस सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बोर्डात मेसेज विभागात क्यूडब्ल्यूकेचा मेनू असतो. तिथून डाउनलोड म्हटलं की झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने एक फाइल येते. ती बहुधा साधी झिप असते आणि आत सगळे नवे मेसेज असतात. आता इंटरनेट गेलं तरी वाचन अडत नाही.

4. फोल्डर सामाईक करा. वाचायला मल्टीमेल हा प्रोग्राम घ्या, ते विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. त्याच्या फोल्डरात आलेल्या पॅकेटांसाठी 'डाउन' आणि उत्तरांसाठी 'अप' असे दोन कप्पे असतात. हे दोन्ही सिंकथिंगने (यंत्रांमधले फोल्डर सारखे ठेवणारा प्रोग्राम) डेस्कटॉप आणि लॅपटॉपमध्ये जोडा. काय वाचलं याच्या खुणा मल्टीमेल पॅकेटातच ठेवू शकतं, बंद करताना त्या जतन करा. म्हणजे डेस्कटॉपवर अर्धवट सोडलेली चर्चा लॅपटॉपवर तिथूनच पुढे वाचता येते.

इथे एक शिस्त मात्र हवी. एका यंत्रावर मल्टीमेल बंद करा, सिंक पूर्ण होऊ द्या, मगच दुसऱ्यावर उघडा. दोन्हीकडे एकाच वेळी उघडलंत तर सिंकथिंग 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाची दुसरी प्रत बनवतं, आणि तुमचं उत्तर नेमकं कुठल्या प्रतीत आहे ते शोधत बसावं लागतं.

5. मोबाइलवर वाचा. त्यावर पॅकेट नेण्याच्या भानगडीत पडू नका. घरच्या यंत्रावर टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी प्रोग्राम चालू ठेवणारं साधन) मल्टीमेल चालू ठेवा (लॅपटॉपवर उघडण्याआधी ते बंद करायचं) आणि टर्मक्स या अँड्रॉइडवरच्या टर्मिनल अ‍ॅपमधून एसएसएचने तिथे जा. घराबाहेरून जायचं असेल तर व्हीपीएनमार्गे. मजकूर 80 अक्षरी ओळींचा असतो, तेव्हा फोन आडवा धरा.

6. उत्तरं पाठवा. लिहिलेली उत्तरं एका आरईपी फाइलमध्ये जमतात. तीही पहिल्या यंत्रानेच चढवायची. बोर्डाने स्वीकारली की लगेच 'अप' कप्प्यातून हलवा, म्हणजे चुकून दुसऱ्यांदा जाणार नाही. उत्तर देताना समोरच्याच्या मजकुरातल्या कामाच्या दोन-तीन ओळीच ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी मेसेजच्या सब्जेक्टच्या रकान्याकडे जरा लक्ष द्यावं. मूळ क्यूडब्ल्यूकेत तो 25 बाइटचा आहे आणि यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. काना आणि हलन्तसुद्धा यात मोजले जातात. 'नमस्कार' या एका शब्दातच 21 बाइट संपतात! सब्जेक्ट रोमनमध्ये लिहा. मजकूर देवनागरीत लिहायचा तर आधी एक ओळ चाचणीच्या चर्चेत टाकून बघा, कारण पुष्कळ बोर्डं अजून जुन्या डॉस अक्षरसंचावर आहेत आणि तिथे नुसती निरर्थक चिन्हांची रांग दिसते.

आणि चुकून दुसऱ्याच यंत्रावर पॅकेट उतरलंच, तर घाबरू नका. बोर्डाच्या मेसेज विभागात पॉइंटर मागे नेता येतो. तो दोन दिवस मागे न्या आणि पॅकेट ठरलेल्या यंत्रावर पुन्हा उतरवा.