व्हार्टन एशरिकचं डोंगरावरचं घर नीट कसं बघायचं

न्यू जर्सी, फिलाडेल्फियाकडचे आपले लोक पाहुणे आले की त्यांना व्हॅली फोर्जचं ऐतिहासिक पार्क दाखवतात आणि तिथूनच माघारी फिरतात, पण जवळच मॅल्व्हर्नच्या बाजूला डोंगरउतारावर व्हार्टन एशरिकचं घर आहे, आता म्युझियम झालेलं, ते अजिबात चुकवू नका. हा माणूस मुळात पेंटर. चित्रांच्या फ्रेम कोरता कोरता लाकडाच्या प्रेमात पडला, लाकडी शिल्पं आणि फर्निचर बनवायला लागला, 1926 ला हे घर स्टुडिओ म्हणून बांधायला घेतलं आणि 1970 ला जाईपर्यंत त्यात भर घालत राहिला.

बुकिंग आधी करा, असंच जाऊन दारात उभं राहू नका. आणि बूट सपाट, न घसरणारे घाला, का ते जिन्यावर कळेल.

आत शिरायची घाई नको. आधी बाहेरून वयाप्रमाणे बघा, सगळ्यात जुना दगडी भाग, मग त्याला जोडलेला लाकडी, आणि शेवटी 1966 चा गोल सायलो, म्हणजे शेतावरच्या धान्याच्या उंच कोठीसारखा भाग, ज्याच्या गिलाव्यातच रंग मिसळलेत, पानगळीच्या झाडांसारखे. म्हणून जमलं तर ऑक्टोबरमध्येच जा, मागची झाडं आणि भिंत एकमेकांत मिसळून जातात.

आता जिना. 1930 चा, रेड ओकचा, मधला खांब पिळलेल्या बुंध्यासारखा वर जातो आणि एकेक जाड पायरी त्यात खोचलेली, दुसऱ्या टोकाला आधारच नाही! 1940 मध्ये हाच जिना काढून न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये मांडला होता, म्हणजे तो सुटा होईल असाच बनवलाय. चढताना एक पायरी थांबा, तासलेल्या कडा खालून बघा, मला तर तिथून हलावंसंच वाटत नव्हतं.

जेवणाच्या खोलीत मान खाली घाला, तिथली जमीन लाकडाच्या उरलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यांची आहे, एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही, तरी फट दिसत नाही. सोबत मुलं असतील तर त्यांना काम द्या: दिव्यांच्या दोऱ्यांना लटकवलेले कोरीव तुकडे आणि कोट अडकवायच्या खुंट्या शोधायच्या, खुंट्यांवर घर बांधणाऱ्या कामगारांचे चेहरे कोरलेत. मुलं बरोबर शोधतात, आपण मोठे लोक सोफा-टेबलंच बघत बसतो.

फोटोचं आधी गाइडला विचारा, आणि वरच्या बेडरूममध्ये पोचलात की मोबाइल खिशात ठेवून दोन मिनिटं खिडकीतून दरी बघा, एशरिक रोज सकाळी तीच बघत उठायचा.