ट्रेलर शिकताय? गिअरच्या या चुका टाळा

हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही. त्यामुळे ट्रेलरवर येणारा प्रत्येक नवशिका कारच्या किंवा पिकअपच्या सवयी घेऊनच केबिनमध्ये चढतो. कारमध्ये गिअर चुकला तर गाडी एक झटका देते आणि विषय संपतो. लोडसकट ५५ टनांपर्यंत जाणाऱ्या गाडीत गिअर उशिरा टाकणं हीच निम्म्या भानगडींची सुरुवात असते.

उचलताना हाफ क्लच

रिकामी गाडी दुसऱ्यावर सहज निघते, म्हणून लोड गाडीही तशीच काढायची सवय लागते. केबिन थरथरते आणि जळका वास येतो, म्हणजे क्लच प्लेट घासली जातेय. लोड असेल तर पहिला, चढावर लोड असेल तर क्रॉलर (पहिल्याच्याही खालचा, सगळ्यात हळू गिअर). घाटात रांग अडली की हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा. निघताना इंजिनाचा आवाज किंचित दबेपर्यंत क्लच सोडा आणि मगच हँडब्रेक काढा. क्रॉलरमध्ये रेस फारशी लागत नाही, आणि गाडी हलली की पाय पेडलवरून पूर्ण बाजूला.

वास आलाच तर पुन्हा पुन्हा उचलायचा प्रयत्न न करता क्लच थंड होऊ द्या. थंड झाल्यावरही इंजिन चढतं पण वेग वाढत नाही, असं दिसलं तर प्लेट मेकॅनिकला दाखवावीच लागेल.

रेंजचा घोळ

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टर-ट्रेलरांना नऊ गिअर असतात: क्रॉलर, मग १ ते ४ लो रेंज, ५ ते ८ हाय रेंज. काही गाड्यांत लिव्हर शेजारच्या पट्टीत ढकलला की रेंज बदलते, काहींत नॉबवरचं बटण उचलावं लागतं. गडबड हमखास होते ती खाली येताना. ७ वरून ६ ला यायचं असतं, हात डावीकडे जोरात जातो आणि लिव्हर ३-४ च्या पट्टीत शिरतो. तिथे अडला तर नशीब समजा. जबरदस्तीने घुसवला तर इंजिन आणि क्लच प्लेट झेपेल त्यापेक्षा जास्त फिरतात, प्लेट फुटूही शकते. म्हणून लिव्हर मुठीत आवळायचा नाही, तळव्याने ढकलायचा. ४ वरून ५ ला जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा. रेंज हवेवर बदलते, तिला तेवढा वेळ लागतो. रेंज बदलतच नसेल तर लिव्हरशी कुस्ती खेळण्याआधी हवेच्या दाबाचा काटा बघा.

गिअर पडताना कुरकुर होत असेल तर ती कुठे होते ते लक्षात ठेवा. रिव्हर्ससकट सगळ्याच गिअरना होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता जास्त. एकाच गिअरला होत असेल तर त्याचा सिंक्रोनायझर (गिअर पडताना वेग जुळवून घेणारा भाग) झिजला असावा. मेकॅनिकला एवढं सांगता आलं तरी त्याचा बराच वेळ वाचतो.

आवाजावर नाही, टॅकोवर

सपाट रस्त्यावर टॅकोची, म्हणजे इंजिनचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) दाखवणाऱ्या मीटरची हिरवी पट्टी पाळा. बऱ्याच गाड्यांत ती १२०० ते १६०० आरपीएमच्या आसपास असते. पिकअपसारखी रेस ताणली तर नुसतं डिझेल जातं. उलट चढावर वरच्या गिअरला चिकटून राहिलात तर इंजिन दबतं. काटा हिरव्याच्या खाली घसरायच्या आत खालचा गिअर टाका. लोड गाडीचा वेग चढावर झपाट्याने पडतो, त्यामुळे दोन गिअर एकदम खाली यावं लागलं तरी बिघडत नाही.

उतारावर न्यूट्रल

ही चूक जुने ड्रायव्हरही करतात, शिवाय शिकवतात: ‘डिझेल वाचतं.’ वाचत नाही. गिअरमध्ये असताना उतारावर रेस सोडली की आजचं इंजिन डिझेल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यासाठी थोडं पीत राहतं. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला हवा कमी होत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या. इंधन वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं तेव्हा तपासातून सांगितलं गेलं होतं.

बोरघाट असो की कसारा, गिअर उतार सुरू होण्याआधीच पाडायचा. अर्ध्या उतारावर क्लच दाबलात की इंजिनची पकड सुटते, एक्झॉस्ट ब्रेकही (इंजिनच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा) त्या क्षणी काम करत नाही, आणि वाढलेल्या वेगात खालचा गिअर पडत नाही. मग उरतात फक्त चाकांचे ड्रम ब्रेक. इथे हिरवी पट्टी विसरा: एक्झॉस्ट ब्रेकला आरपीएम चढे लागतात, काटा लाल पट्टीच्या खाली असला की झालं. फूटब्रेक सतत दाबून धरू नका. वेग वाढला की ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा. ब्रेक लायनरचा जळका वास आला किंवा पेडल दाबूनही गाडी धरत नाही असं वाटलं, तर जागा मिळेल तिथे थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

परदेशी जाणार असाल तर

अमेरिका-कॅनडातल्या मॅन्युअल सेमी ट्रकना (तिकडच्या ट्रेलर गाड्यांना) बहुधा सिंक्रोनायझर नसलेला गिअरबॉक्स असतो. तिथे उस्तादांचा जुना डबल क्लच कामाला येतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, खाली येताना थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबून गिअर. चालत्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका. तळाशी क्लच ब्रेक असतो, तो फक्त उभ्या गाडीत गिअर टाकण्यासाठी. आणि अमेरिकेत टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली, तर लायसन्सवर मॅन्युअल ट्रक चालवायला मनाई लागते.