दात्याचं फुफ्फुस जपताना या चुका टाळा

ग्रीन कॉरिडॉर सुरळीत पार पडला, पेटी वेळेत पोचली, जोडणीही चांगली झाली. तरीही दुसऱ्या दिवशी नवं फुफ्फुस एक्स-रेवर पांढरं दिसतं आणि ऑक्सिजन घसरतो. अशा वेळी सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं. माझ्या मते आधी बघायला हवं ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराकडे, म्हणजे एंडोथेलियमकडे. साठवलेल्या फुफ्फुसाच्या वायुकोशांत ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून ते तग धरतं. पण प्रवाह थांबला की या अस्तरात वाहिन्या सैल आणि भिंती घट्ट राखणारी नायट्रिक ऑक्साइड आणि सीएएमपी ही दोन्ही रसायनं कमी पडतात. मग वाहिन्या आवळतात आणि त्यांच्या भिंती पाझरू लागतात. पुढच्या बहुतेक चुका याच अस्तराला भोवतात.

चूक शस्त्रक्रियेच्या खोलीआधीच सुरू होते

मेंदूमृत दात्याचा व्हेंटिलेटर 'आता काय फरक पडतो' म्हणून जुन्याच सेटिंगवर ठेवला जातो. युरोपातल्या ११८ संभाव्य दात्यांवरच्या चाचणीत (२०१०) आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोला ६ ते ८ मिलि श्वास आणि ८ ते १० सेंमी पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) ठेवल्यावर फुफ्फुसं काढता येण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेलं. त्यात ॲप्निया टेस्टच्या वेळीही, म्हणजे व्हेंटिलेटर थांबवून दाता स्वतः श्वास घेतो का हे बघतानाही, नळी मोकळी सोडली नव्हती, सीपॅप (हवेचा सततचा दाब) चालू होता. महागडं औषध नाही, नवं यंत्र नाही. सलाइनचंही तसंच. किडनीसाठी सढळ हातानं दिलेलं पाणी फुफ्फुसात साचतं, म्हणून किडनी आणि फुफ्फुसाच्या टीमनी आधीच बोलून घ्यावं.

फ्लश: सगळ्यात जास्त गडबड इथे

फ्लश म्हणजे फुफ्फुस काढण्याआधी थंड द्रावणानं त्यातलं रक्त धुऊन काढणं. पहिला प्रश्न द्रावणाचा. युरो-कॉलिन्स किंवा यूडब्ल्यू या अवयव साठवायच्या द्रावणांत लिटरला शंभराहून जास्त मिलिमोल पोटॅशियम असतं. एवढ्या पोटॅशियमनं वाहिन्यांचे स्नायू आवळतात आणि थंड द्रावण सगळीकडे पोचतच नाही. म्हणून फुफ्फुसासाठी कमी पोटॅशियमचं डेक्स्ट्रान द्रावण वापरतात. त्यात पोटॅशियम ६ मिलिमोलच्या आसपास असतं. डेक्स्ट्रान पाणी वाहिनीत धरून ठेवतं आणि तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटू देत नाही.

दुसरा प्रश्न क्रमाचा. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिननंतर, क्लॅम्प (वाहिनी बंद करणारा चिमटा) लावण्याच्या अगदी आधी, वाहिन्या सैल करणारं प्रोस्टाग्लँडिन ई-१ थेट फुफ्फुसधमनीत द्यायचं असतं, म्हणजे थंड द्रावणाच्या धक्क्यानं वाहिन्या आवळत नाहीत. त्यानं रक्तदाब झपाट्यानं पडतो. भूलतज्ज्ञाला आधी सांगितलं नसेल तर तो दाब वर आणायला वाहिन्या आवळणारं औषध देतो आणि सगळं मुसळ केरात.

फ्लश सुरू झाल्यावर दोन्ही फुफ्फुसं सारखी पांढरी पडायला हवीत. एकच बाजू पांढरी होत असेल तर द्रावण सोडणाऱ्या नळीचं, म्हणजे कॅन्युलाचं, टोक बहुधा एका शाखेत घुसलंय. थोडं मागे घ्या. दोन्ही बाजू गुलाबीच राहिल्या आणि हृदय फुगतंय असं दिसलं तर हृदयाच्या डाव्या कर्णिकेतून (वरच्या कप्प्यातून) द्रावणाला बाहेर पडायला पुरेशी वाट नाही. छेद मोठा करा. ठिपक्याठिपक्यांनी रक्त उरलंय? व्हेंटिलेटर चालू आहे ना, ते बघा. मिटलेल्या भागात द्रावण शिरत नाही. वेग वाढवायला पिशवी दाबणं हा मात्र उपाय नव्हे. साधारण ३० सेंमी उंचीवरून आपोआप वाहू द्यावं, धमनीतला दाब २० मिमी पाऱ्याच्या आतच राहावा. एकूण मात्रा दात्याच्या वजनाच्या किलोला ५० ते ६० मिलि.

मग उलटा फ्लश, म्हणजे फुफ्फुसाच्या प्रत्येक शिरेतून धमनीकडे सुमारे २५० मिलि. घाईत तो गाळला जातो, आणि मला हेच सर्वात अनाकलनीय वाटतं. बारीक गुठळ्या बाहेर येतात त्या इथेच. धमनीतून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबू नये.

हवा आणि बर्फ

श्वासनलिका बंद करताना फुफ्फुस अर्धवटच फुगलेलं असावं, आत ५० टक्के ऑक्सिजन. शंभर टक्के दिलात तर तो शोषला जाऊन वायुकोश मिटतात. जास्त फुगवलंत तर केशवाहिन्या ताणल्या जातात, आणि नागपूरहून चेन्नईला विमानानं नेताना ते आणखी वाढतं, कारण केबिनचा दाब ८,००० फुटांच्या पातळीवर असेल तर आतली हवा जवळजवळ एक तृतीयांशानं फुगते.

'जितकं थंड तितकं चांगलं' हेही खरं नाही. बर्फ थेट फुफ्फुसाला लागू नये; द्रावणात बुडवून तिहेरी पिशवीत ठेवावं. टोरांटोच्या गटानं तर २०२१ मध्ये दाखवलं की १० अंशांवर पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया ४ अंशांपेक्षा चांगली टिकतात.

यंत्रावर ठेवलं म्हणजे झालं नाही

स्वीडनमधल्या लुंडच्या गटानं २००० साली शरीराबाहेर तपासलेलं फुफ्फुस बसवलं, तेव्हापासून एक्स-व्हिवो पर्फ्युजनवर, म्हणजे फुफ्फुस शरीराबाहेर यंत्रात ठेवून त्यातून द्रावण फिरवण्यावर, विश्वास वाढला. पण रक्तपेशी नसलेल्या द्रावणात ऑक्सिजनचा आकडा उशिरा घसरतो. फुफ्फुसाची लवचिकता कमी होत असेल, श्वासाचा दाब चढत असेल किंवा वाहिन्यांचा रोध वाढत असेल, तर चांगल्या पीओटूवर (ऑक्सिजनच्या आकड्यावर) विसंबू नका.

फुफ्फुस रुग्णाला जोडून झाल्यावर शेवटचा क्लॅम्पही एकदम सोडू नये. अस्तर अजून पाझरतं असतं. पूर्ण दाबानं रक्त घुसलं तर काही मिनिटांत श्वासाच्या नळीतून फेस येतो. दहाएक मिनिटं घेऊन, टप्प्याटप्प्यानं सोडावा.