"मारत तर नव्हता ना?" असं विचारणाऱ्या गावात राहून स्वतःला माफ कसं करायचं

नऊ वर्षं संसार केला आणि मग पोरीला घेऊन माहेरी परत आले, त्याला आता सहा वर्षं झाली. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं लहान गाव. नवऱ्याने कधी हात उचलला नाही, त्यामुळे जो तो एकच विचारायचा, "मारत तर नव्हता ना तो तुले, मंग काहून आली?" आणि मला उत्तर देता यायचं नाही. आठ-आठ दिवस अबोला, भाजीत मीठ कमी पडलं की पाहुण्यांसमोर माझ्या बापाचा उद्धार, माझा मोबाईल रोज तपासणं, निंदणाचे पैसे काढून घ्यायचे आणि मग दहा रुपयांसाठी हात पसरायला लावायचं, काही बोलले की "तुह्या डोक्यावर परिणाम झाला". हे सांगायला गेलं की समोरच्याला किरकोळ वाटतं आणि सांगता सांगता आपल्यालाच वाटायला लागतं की खरंच किरकोळ होतं का. तुम्ही यातून निघाला असाल पण रात्री आडवं पडलं की स्वतःलाच शिव्या देत असाल, देवासमोर उभं राहायची लाज वाटत असेल, तर मी काय केलं ते सांगते.

सगळ्यात आधी जे झालं त्याला त्याच्या नावाने हाक मारा. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा आहे, त्यात मारहाणीसोबत शाब्दिक आणि भावनिक छळ, पैशाची कोंडी ही पण हिंसाच आहे असं सरळ लिहिलंय. मला हे बचत गटाच्या बैठकीत कळलं. तालुक्यावरून आलेल्या मॅडम वाचून दाखवत होत्या, अपमान करणं, नावं ठेवणं, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, आणि मी सतरंजीवर बसल्या जागी रडायला लागले, कारण मला एकच मुलगी आहे. केस करायची की नाही ते सावकाश ठरवा, मीही लगेच केली नाही. पण करायची असेल तर संरक्षण अधिकारी असतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, आणि 181 या नंबरवर फोन करून नुसतं विचारलं तरी चालतं.

आता मुख्य काम. एक वही घ्या, शाळेच्या पोराची असते तीच. तूर पाखडताना आपण कसं करतो, दाणा एकीकडे, खडा एकीकडे, फोल उडून जातं, तसं करायचं. मनात जे जे टोचतं ते एका ओळीत लिहायचं आणि प्रत्येकापुढे विचारायचं, हे कोणी केलं? तो आठ दिवस बोलला नाही, हे मी केलं नाही. सासूने नातेवाइकांत बदनामी केली, ते मी केलं नाही. आईला फोनवर "मस्त आहे मी" असं सात वर्षं खोटं बोलले, हे मी केलं. तो जावेला बोलायचा तेव्हा मी पण त्याच्या बाजूने हसायची, म्हणजे त्या दिवशी माझी पाळी टळावी म्हणून, पण हसले मीच. पोरीवर राग काढला, तेही माझंच.

ही वही मी एका दिवसात नाही, जवळपास तीन महिने लिहिली, आणि शेवटी मोजलं तर माझ्या नावावर चारच गोष्टी निघाल्या. बाकी सगळं ओझं दुसऱ्याचं होतं आणि मी ते स्वतःचं समजून वाहत होते. जे आपलं नाही त्याची माफी स्वतःकडे कितीही मागा, ती कधी पुरत नाही, म्हणून आधी पाखडायचं.

एक ओळ मात्र कुठेच बसत नव्हती, "मी इतकी वर्षं राहिलेच कशाला?" बहुतेक बायांची गाडी इथेच अडकते म्हणून जरा थांबून लिहिते. तो सगळे दिवस वाईट नसायचा. आठ दिवस अबोला आणि नवव्या दिवशी बाजारातून गरम जिलेबी, पोरीला खांद्यावर घेऊन फिरवणं, आणि मला वाटायचं बदलला आता. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की शेतकरी सरकी लावतो, मग खंड पडतो, बी जळून जातं, तो परत कर्ज काढून दुबार पेरणी करतो. त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही, ढग दिसले म्हणून पेरलं म्हणतात. मलाही ढग दिसले होते. आणि जिथे कधी शिवी कधी जिलेबी असं असतं, तिथे मन त्या चांगल्या दिवसाची वाट बघायला जास्तच चिकटतं, ही माणसाच्या मनाची रीत आहे, तुमच्या एकटीची कमजोरी नाही. वर हातात पैसे नाहीत, माहेरी भावाचा संसार, लोक काय म्हणतील, मग कोणती बाई लगेच उठून येईल. ती ओळ मी खोडली नाही, तिच्यापुढे लिहिलं, "कारण मला संसार वाचवायचा होता." एवढंच.

जे खरंच आपलं आहे त्यासाठी नुसतं रडू नका, करून दाखवा. आईजवळ बसून खरं सांगितलं, दोन तास लागले. जावेला फोन केला, तिने उचलला नाही, मग निरोप पाठवला, त्याला अजून उत्तर नाही आणि द्यावंच असा हट्ट पण नाही. पोरीला म्हटलं, "तेव्हा मी तुले मारलं ते तुहं चुकलं म्हणून नाही, मी घाबरलेली होती, चूक माही होती." ती म्हणाली, "मले आठवते," आणि जेवत राहिली. मला वाटलं होतं गळ्यात पडेल, तसं काही झालं नाही. आठेक दिवसांनी स्वतःहून माझ्या गोधडीत येऊन झोपली. पोरांना वेळ लागतो, माफी मागून लगेच माफी वसूल करायला जाऊ नका.

शरीर मात्र वहीचं ऐकत नाही. अजून गल्लीत त्याच्यासारख्या मोटारसायकलचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा मी पाय जमिनीवर घट्ट टेकवते, हळूहळू श्वास सोडते आणि समोर दिसतं ते मनात मोजते, रांजण, दोरी, निंबाचं झाड, कोंबडी. दोन-तीन मिनिटांत उतरतं. याच्यावर स्वतःला रागावू नका.

आता देवाचं. मी सोळा सोमवार केले, गुरुवार धरले, सगळे नवऱ्याच्या सुधारण्यासाठी, आणि तो सुधारला नाही तेव्हा माझीच भक्ती कमी पडली असं मानलं. सासू म्हणायची मागच्या जन्मीचं भोगून रायली. मग माझ्या डोक्यात देव बोलायला लागला की तो आवाज थेट सासूचा असायचा. म्हणून एक करा, देव तुम्हाला काय म्हणतो असं वाटतं ते वहीत लिहा आणि मोठ्याने वाचा, हे वाक्य कोणाच्या तोंडचं आहे ते लगेच कळतं. माझ्या तेरा-चौदा वाक्यांत एकही देवाचं निघालं नाही.

आणि रुक्मिणीची गोष्ट नीट आठवा. ती आपली, विदर्भाची लेक, तिचं माहेर वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. कथा अशी सांगतात की ती कृष्णावर रुसली, द्वारका सोडली आणि दिंडीरवनात येऊन राहिली, आणि देव तिला शोधत मागे आला. आजही पंढरपूरला तिचं मंदिर विठ्ठलाच्या शेजारी पण वेगळं आहे. निघून आलेल्या बाईला आपण रखुमाई म्हणतो, आई म्हणतो, दरवर्षी कौंडण्यपूरहून तिची पालखी पंढरीला चालत जाते. मग मी निघून आले तर माझ्यावर देव कशाला कोपेल? हे मला कोणी कीर्तनात सांगितलं नाही, कापूस वेचता वेचता एकदम सुचलं आणि मी ओटी तशीच भरलेली ठेवून बांधावर बसले.

परत सुरुवात करायची तर लहान करा. उपास नको, नवस नको, पैसे मागणारा देवर्षी तर बिलकुल नको, आपल्या गाडगेबाबांनी नवसाविरुद्ध गावोगाव कीर्तनं केली ती उगाच नाही. संध्याकाळी दिवा लावून पाच मिनिटं बसा आणि खरं तेच बोला. राग असेल तर राग बोला. मी दोन महिने फक्त "तू कुठं होता?" एवढंच विचारत होते. गर्दीत जमत नसेल तर दुपारी देवळात जा, कोणी नसतं. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर मागे बसा, तिथे कुंकवाचं कोणी विचारत नाही. शेगावच्या दर्शनाच्या रांगेत पण कोणी नवरा कुठाय म्हणून विचारलं नाही, मला त्या रांगेचंच बरं वाटलं. महालक्ष्म्यांत मला सवाष्ण म्हणून बोलावत नाहीत, पहिली दोन वर्षं घरात कोंडून घेतलं, आता मी त्या दिवशी माझ्याच घरी आंबील करते आणि शेजारच्या म्हातारीला बोलावते.

"माफ करून टाक त्याले, मन हलकं होते," हे लोक म्हणतीलच. त्याला माफ करणं हे स्वतःला माफ करण्याच्या आधी यायलाच पाहिजे असं काही नाही, आणि माफ केलं तरी परत नांदायला जायचं असंही नाही. मी अजून केलेलं नाही. त्याचा नंबर ब्लॉक आहे.

आणि कधी रात्र फारच जड गेली, जगावंसंच वाटेनासं झालं, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आपल्या घरात फवारणीचं औषध असतंच, तो डबा भावाला आजच शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला सांगा. मी सांगितलं होतं, भावाने काही न विचारता नेला.

वही भरली की कौंडण्यपूरला जाऊन या. तिवसा तालुक्यात आहे. मी पोरीला घेऊन गेले, एसटीने, स्वतःच्या मजुरीच्या पैशाने. ओटीचं सामान नेलं होतं, पण हातात घेऊन उभी राहिले आणि काय मागावं सुचेना, तर पोरगी म्हणाली, "माय, तू बस, मी भरते."